सव्वातीन आणि पावणेचार: एक गाणं बसवताना

जेनेसिस या इंग्लिश प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक बँडचं 'फर्थ ऑफ फिफ्थ' बसवायला आम्हाला ११ महिने लागले. गाणं आहे साडेनऊ मिनिटांचं. यातले पहिले चार महिने आम्ही एक वाईट कव्हर (दुसऱ्याचं गाणं आपण वाजवलेलं) करण्यात घालवले आणि मला ते सगळं नीट लिहून ठेवायचंय, कारण वाईट का झालं हे कळायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७३ चा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड' हा अल्बम, त्यातलं हे गाणं. सुरुवातीला टोनी बँक्सचा नुसता पियानो, एक मिनिटभर, दुसरं काहीच नाही. मग पीटर गेब्रियलचं गाणं, मग मध्ये सगळं शांत होऊन बासरी, मग सुरुवातीची पियानोची चाल परत येते पण आता सिंथवर (सिंथेसायझरवर) आणि खाली फिल कॉलिन्सचे ड्रम्स, आणि मग स्टीव्ह हॅकेटचा तो गिटार सोलो, जो बासरीचीच धून घेतो आणि इतकी मोठी करतो की मला अजूनही ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. नावात कोटी आहे. स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या मुखाशी जी खाडी आहे ती फर्थ ऑफ फोर्थ, आणि फोर्थ म्हणजे ऐकायला चौथा, म्हणून यांची पाचवी. फर्थ म्हणजे खाडीच. आम्ही चौघं, मी आणि गिटारवाला ठाण्यात, बेसवाला आणि ड्रमर वाशीत, मध्ये खाडी, आणि रविवारी सकाळी कोणीतरी एकाने ती ओलांडायचीच. त्यामुळे गाणं निवडताना नावाचा थोडा हात होता हे खरं आहे.

प्रॅक्टिसची जागा वागळे इस्टेटमधला एक गाळा. खाली प्रेसचं काम चालतं, वर दोन खोल्यांना आतून फोम लावून रूम केलीय, तासावर भाड्याने मिळते. मी कीबोर्डवर, त्यामुळे या गाण्याचा सगळ्यात मोठा भार माझ्यावर हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तर तो इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा पियानो. त्यात बरेचसे बार, म्हणजे तालाचे छोटे तुकडे, १३/१६ आणि १५/१६ चे आहेत, म्हणजे एकात तेरा आणि एकात पंधरा बारीक ठोके, मध्ये मध्ये साधे २/४ चे येतात. पहिल्यांदा नोटेशन बघितलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. आणि मग मला एक छान सबब सापडली. जेनेसिसने स्वतःच पुढे लाइव्हमध्ये हा इंट्रो सोडून दिला होता, १९७७ चा 'सेकंड्स आउट' हा लाइव्ह अल्बम लावून बघा, गाणं थेट गायनावरच सुरू होतं. मी ग्रुपवर टाकलं की बघा, त्यांनीच काढलाय तर आपण का वाजवायचा, आणि सगळ्यांना पटलं. पण ती चाल मध्ये सिंथवर परत येतेच, ती कशी काढणार? तिथे ड्रमर म्हणाला अरे सोपं आहे, तेराचा एक सूर खाऊन टाक, बारा कर, पंधराला एक जोडून सोळा कर, मी खाली सरळ फोर-फोर (चार-चार ठोके) देतो, आणि बेरीज बघ ना, तेरा आणि पंधरा अठ्ठावीस, बारा आणि सोळा पण अठ्ठावीस, सगळे एकत्रच पोचणार.

बेरीज बरोबर होती. आम्ही तसं बसवलं, चार महिने, आणि ते घट्ट बसलं होतं, कोणी कुठे चुकत नव्हतं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, नातेवाईक आणि ऑफिसातल्या लोकांना पाठवलं, भारी भारी म्हणून आलं. त्या रात्री घरी जेवण झाल्यावर गॅलरीत उभं राहून हेडफोनवर ओरिजिनल ऐकलं आणि लगेच मागोमाग आमचं. आमच्यात ती चाल चालत होती, एवढंच. ओरिजिनलमध्ये ती सतत पुढे झुकलेली असते, म्हणजे उतारावर चालताना आपोआप एक पाऊल लवकर पडतं आणि पुढचं जरा सावरून पडतं ना, तसं. आमच्या बारा-सोळामध्ये उतारच नव्हता, नुसता सपाट रस्ता केला होता आम्ही. मला त्या रात्री झोप आली नाही, खरंच, कारण हे गाणं मी १९ वर्षांचा असल्यापासून ऐकतोय आणि त्यातली नेमकी तीच गोष्ट मी स्वतःच्या हाताने काढून टाकली होती.

इथे थोडं बाजूला जातो, कारण पुढचे काही आठवडे मी फक्त कव्हर्स ऐकत होतो, ऐरोलीला ऑफिसला जाता-येता, ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये, डोक्यात एकच प्रश्न की दुसऱ्यांनी काय ठेवलंय आणि काय काढलंय.

घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात शनिवारी लाइव्ह बँड असायचा, तिथे मी पिंक फ्लॉइड या बँडचं 'मनी' ऐकलं होतं, सगळं चार मात्रांत. मूळ गाणं सातात आहे. लोक टाळ्या वाजवत होते, गायक चांगला होता, पण जिथे डेव्हिड गिलमोरचा सोलो येतो तिथे मला एकदम पोकळ वाटलं आणि तेव्हा कारण कळलं नव्हतं. आता कळलं. मूळ गाण्यात अंतरे सातात, डिक पॅरीचा सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा सातात, आणि गिटार सोलोला गाणं चारात शिरतं. सात सात ऐकून कान जरा आखडलेला असतो आणि अचानक मोकळं मैदान. सगळंच चारात केलं तर मैदानात शिरल्याचं कळणार कसं? एक ताल बदलला आणि तीन मिनिटांनंतरचा सोलो मेला. ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

मग वाटलं की म्हणजे जसंच्या तसं तेच चांगलं का? तर तेही नाही. येस या बँडने १९७२ मध्ये पॉल सायमनचं 'अमेरिका' केलं, सायमन अँड गारफंकलचं साडेतीन मिनिटांचं शांत गाणं, बसमधून जाणाऱ्या दोघांचं, आणि यांनी ते दहा मिनिटांचं केलं, मध्ये स्टीव्ह हाउची गिटार कुठच्या कुठे फिरून येते. कागदावर हा गुन्हा वाटावा. पण ऐकल्यावर तो प्रवास लांबलाय असंच वाटतं, गाण्यातली दोघं अजून बसमध्येच आहेत, फक्त खिडकीबाहेर जास्त दिसतंय. इमर्सन, लेक अँड पामर या बँडने १९७७ मध्ये अमेरिकन संगीतकार एरन कोपलंडचं 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' घेतलं, १९४२ ची ती छोटीशी पितळी वाद्यांची तुतारी, आणि तिच्याखाली एक डुलणारा शफल (झुलता ठेका) घातला. आरोळी तशीच ठेवली, हात लावला तो फक्त जमिनीला. सिझर सिस्टर्स या बँडने २००४ मध्ये पिंक फ्लॉइडचंच 'कम्फर्टेबली नम' डिस्को केलं, बारीक आवाजात, आणि माझे मित्र त्यावर चिडतात, मला ते आवडतं असं नाही म्हणणार पण ते वाईटही नाही, त्यांनी ठरवून एक गोष्ट बदललीय आणि शेवटपर्यंत तिला धरून राहिलेत. उलट ड्रीम थिएटर या बँडने २००५ मध्ये लंडनला पिंक फ्लॉइडचं अख्खं 'डार्क साइड ऑफ द मून' वाजवलं, ते बरंचसं मूळ धरूनच आहे, आणि तेही मला मनापासून आवडतं कारण त्यांचा त्या गाण्यांवरचा जीव दिसतो. मला वाईट वाटलेली सगळी कव्हर्स एकाच जातीची निघाली. वाजवणाऱ्याला अवघड गेलं म्हणून बदललंय, गाण्यासाठी नाही. आमचं त्यातलंच होतं.

बेसवाल्याचे बाबा तबला वाजवतात. म्हणजे त्यांनी बँकेत नोकरी करून तीस वर्षं ऑर्केस्ट्रात तबला-ढोलक वाजवलीय, गणपतीत तर रात्री दोन दोन कार्यक्रम. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी एका रविवारी वाशीला त्यांच्याकडे गेलो होतो, नुसताच जेवायला, आणि जेवणानंतर बेसवाल्याने त्यांना आमचं रेकॉर्डिंग आणि ओरिजिनल दोन्ही ऐकवलं. काकांनी ओरिजिनल तीनदा ऐकलं. बोटांच्या पेरांवर मोजत होते. मग मला म्हणाले, "अरे, हे तेरा आणि पंधरा कोणी सांगितलं तुला? म्हणजे बरोबर आहे, पण तू तेरा मोजत बसलास तर मरशील. हे सव्वातीन आहे. आणि दुसरं पावणेचार."

मी बघतच राहिलो. १३/१६ म्हणजे सोळाव्या भागाचे तेरा, चार-चारचे तीन गट आणि वर एक, म्हणजे सव्वातीन मात्रा. १५/१६ म्हणजे चारला एक कमी, पावणेचार. मी हे शब्द रोज वापरतो, सव्वातीनची गाडी, पावणेचारचा चहा, आणि इतके महिने मी ते इंग्रजी आकडे तोंडात घेऊन धडपडत होतो. काका पुढे म्हणाले, जिथे ही दोन शेजारी येतात तिथे बेरीज किती? सव्वातीन आणि पावणेचार, सात. रूपक, सात मात्रांचा ताल. म्हणजे तुझा पाय सातात सरळ चालू दे, आणि हात मध्येच थोडा लवकर वळेल, एवढंच. तुम्ही बारा-सोळा केलंत तेव्हा तीन आणि चार केलेत, बेरीज तीच आली, पण ज्या जागेवर वजन पडायचं ती जागाच पुसली. ड्रमर तिथेच बसला होता, तो म्हणाला काका मला हे आधी का नाही सांगितलं, काका म्हणाले तुम्ही आधी विचारलं कुठे.

पुढचे तीन आठवडे मी कीबोर्डला हात लावला नाही. काकांची अट होती, आधी तोंडाने. पढंत. तेराला आम्ही धरलं "तकधिमि तकधिमि तकतकिट", पंधराला "तकधिमि तकधिमि तकधिमि तकिट", आणि दोनच्या बारला नुसतं थांबून एक श्वास घ्यायचा. बँक्सने हे असंच मोजलं असेल असं कोणी म्हणत नाहीये, ही आमची वाट. संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला येताना, कळव्याच्या बाजूने गाडी खाडीच्या पुलावर चढते तिथपासून स्टेशन येईपर्यंत मी ओठातल्या ओठात म्हणत असायचो, शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं कुठलं स्तोत्र म्हणतोस रे बाळा, मी खरं ते सांगितलं की तालाचे बोल आहेत, त्या म्हणाल्या म्हण म्हण, चांगलं असतं.

तिसऱ्या आठवड्यानंतर बोटं ठेवली आणि दुसरी अडचण आली. माझा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, हलक्या स्प्रिंगवाल्या पट्ट्या. हा इंट्रो त्याच्यावर वाजतो पण बोलत नाही. यात आतल्या सुरांना हळू ठेवून वरचा एकच सूर पुढे काढावा लागतो आणि त्या पट्ट्यांवर हळू-जोरात याचा काही भरवसाच नाही. गंमत म्हणजे बँक्सचीही हीच अडचण होती. स्टेजवर तेव्हा त्याच्याकडे आरएमआय कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो असायचा आणि त्यात पट्टी हळू दाबा की जोरात दाबा, आवाज तेवढाच. म्हणजे मी जी सबब म्हणून वापरत होतो त्यामागे त्या माणसाचं खरं दुखणं होतं. मला ते वाचून त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. मी खारघरहून सेकंडहँड ८८ पट्ट्यांचा वजनदार डिजिटल पियानो घेतला, छोट्या टेम्पोत घालून ठाण्याला आणला, दोन जिने वर चढवताना मी आणि गिटारवाला दोघांच्या पाठी गेल्या. पण पहिल्याच दिवशी फरक कळला.

इंट्रोची सुरुवात पेटीवरच्या काळी पाच पट्टीची, म्हणजे बी फ्लॅट. सत्तर टक्के वेगात बसवायला दोन महिने. मग वेग वाढवायचा तो मेट्रोनोमवर नाही, कारण मेट्रोनोम फक्त टिकटिक देतो, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवत नाही. काकांनी मला मोबाइलवर रेकॉर्ड करून दिलं, नुसती हाताची टाळी आणि बोल, तीन वेगांत. त्यावर वाजवायचो. काकांच्या आवाजातलं ते रेकॉर्डिंग अजून माझ्या फोनमध्ये आहे.

मग प्रश्न आला की हात कुठे लावायचा. बासरीच्या जागी आम्ही आधी कीबोर्डवरचा फ्लूटचा आवाज ठेवला होता आणि तो अगदी प्लास्टिक वाटायचा. माझ्या ऑफिसातला एक जण बासरी शिकलाय, बांबूची, त्याला बोलावलं. धून ई मायनरमध्ये, म्हणजे पांढरी तीन. मला वाटलं तो पांढरी तीनची बासरी आणेल, तो म्हणाला नको, गंधार-धैवत-निषाद सगळे कोमल, अर्धी भोकं झाकत बसावं लागेल, मी पांढरी पाचची आणतो, त्यात बहुतेक स्वर शुद्धच लागतात, फक्त सा मनात दुसरीकडे धरायचा. आणि त्याने वाजवलं. पहिल्या वेळी त्याने प्रत्येक सुराला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लावली, सुंदर होतं पण ते दुसरंच काहीतरी झालं, गाणं एकदम संध्याकाळच्या रागात जाऊन बसलं. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं की मींड फक्त दोन ठिकाणी, बाकी सूर सरळ उभे. कारण पुढे हॅकेटची गिटार हीच धून घेऊन येणार आहे आणि ती लांब लांब धरलेले सूर घेऊन येते, बासरीनेच आधी सगळं वळवून टाकलं तर गिटारला सांगायला काय उरणार? 'मनी'च्या सोलोचं मैदान मला तेव्हा परत आठवलं.

गिटारवाल्याने तो सोलो मात्र सुरानिसूर तसाच घेतला, यावर आमच्यात वाद झालाच नाही. स्वतः हॅकेटने १९९६ मध्ये 'जेनेसिस रीव्हिजिटेड'साठी हे गाणं परत केलं तेव्हा जॉन वेटनला गायला घेतलं. म्हणजे ज्याची गिटार आहे त्याने बदल केला तर समजू शकतो, आम्हाला त्या सोलोत बदलावंसं काही सापडलं नाही. मला फक्त खालचा मेलोट्रॉन (टेपवर चालणारा जुना कीबोर्ड) नीट करायचा होता. मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, साधारण ८ सेकंदांचा, संपला की सूर संपला, बोट उचलून परत दाबायचं. माझ्या पियानोतल्या व्हायोलिनच्या आवाजाला असा शेवटच नाही, तो धराल तितका चालतो, आणि म्हणूनच तो मागे नुसता धूर भरल्यासारखा व्हायचा. मी प्रत्येक कॉर्ड आठ सेकंदांच्या आत सोडायला शिकलो. सोलोखाली एकदम हवा खेळायला लागली.

मध्ये एकाने सुचवलं की काकांना तबल्यावर बसवूया, ठाण्याचा प्रोग रॉक म्हणून वेगळं दिसेल. मलाही क्षणभर मोह झाला. काकांनीच नाही म्हटलं. म्हणाले, "तबला वर आला की लोक तबलाच बघतील. कॉलिन्सने खाली काय वाजवलंय ऐकलंस ना, तिथे जागा नाहीये. मोजायला घेतलात तेवढा पुरे." तीस वर्षं ऑर्केस्ट्रात काढलेला माणूस, त्याला स्टेज नको होतं असं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी त्याच गाळ्यात आम्ही ते लोकांसमोर वाजवलं. बावीस खुर्च्या, मागे काही जण उभे. खालची प्रेस बंद ठेवायची विनंती केली होती आणि त्यांनी ठेवली. काका पहिल्या रांगेत. मी इंट्रो सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीत, जिथे दोन सव्वातीन लागोपाठ येतात, तिथे उजव्या हाताने पुढचा सूर आधी घेतला. हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला. वर बघितलं तर काका मांडीवर हात ठेवून मोजत होते, टाळी, टाळी, आणि समेला त्यांनी हात जरा उंच उचलला, एवढाच, आणि मी त्या हातावर उतरलो. रेकॉर्डिंगमध्ये ती चूक ऐकू येते. आम्ही ती कापली नाही.

बासरी झाली, मग सिंथवर चाल परत आली तेव्हा ड्रमरने खाली सात धरले होते आणि मी वर सव्वातीन-पावणेचार, आणि तो उतार तिथे होता. ते मला वाजवतानाच कळलं, नंतर ऐकून नाही. मग गिटार आली, गिटारवाल्याने डोळे मिटून तो लांब सूर धरला आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी मोठ्याने "वा" म्हटलं, अगदी नाट्यसंगीताच्या मैफलीत म्हणतात तसं.

सामान भरून झाल्यावर चहा घेताना काकांनी विचारलं, पुढचं कुठलं. ड्रमर म्हणाला, रश या बँडचं 'वायवायझेड', १९८१ चं. टोरंटोच्या विमानतळाचा कोड आहे तो, आणि तो मोर्स कोडमध्ये जसा वाजेल तशीच गाण्याची सुरुवात आहे. काका म्हणाले वाजवून दाखव. ड्रमरने टेबलावर चमच्याने वाजवलं, लांब-आखूड-लांब-लांब, परत तेच, मग लांब-लांब-आखूड-आखूड. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, परत वाजव म्हणाले, आणि पेरांवर मोजायला लागले.

"वीस. म्हणजे दहाच झाले, झपताल म्हणशील, पण झपताल नाहीये हा. सात, सात आणि सहा आहेत." मग बेसवाल्याकडे वळून म्हणाले, "आईला फोन कर, जेवायला उशीर होईल म्हणून सांग." आणि ड्रमरच्या हातातला चमचा घेतला.